चार आठवड्यांचा पायथन आणि आमचं काजूचं रजिस्टर

वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्यात मी वीस वर्षं हिशेब आणि प्रतवारी सांभाळली. वय ४६. दोन वर्षांपूर्वी डेटा सायन्सकडे, म्हणजे नोंदींतून संगणकाने अर्थ काढायच्या कामाकडे, वळायचं ठरवलं आणि पहिलंच पाऊल चुकलं. एका खासगी क्लासच्या फोनला भुलून १५ हजार भरले. पूर्ण फी १ लाख ८० हजार, हप्त्याने. फोनवरचा मुलगा नोकरीची हमी पुन्हा पुन्हा देत होता, पण शिकवणार कोण, हे विचारलं की विषय बदलायचा. पुढचे हप्ते मी भरले नाहीत, दिलेले पैसे बुडाले. हे आधी सांगते, कारण आपल्या वयाच्या माणसाला घाई असते आणि असे क्लास त्या घाईवरच चालतात.

मग एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स ऑनलाइन देणाऱ्या सरकारी उपक्रमाचा, ‘पायथन फॉर डेटा सायन्स’ केला. पायथन ही संगणकाला काम सांगायची भाषा. चार आठवड्यांचा कोर्स, शिकवणारे आयआयटी मद्रासचे प्रा. रघुनाथन रेंगास्वामी आणि त्यांचे सहकारी. शिकायला एक पैसा लागत नाही. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी, मी भरली तेव्हा ती १००० रुपये होती. दर आठवड्याला स्वाध्याय असतो आणि चारांतले उत्तम तीन धरतात. त्याचे २५ गुण, परीक्षेचे ७५. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते. मी कोल्हापूर निवडलं. आंबोलीच्या घाटात धुकं इतकं, की ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी हाकत होता.

जुलैचा पाऊस, दिवसाआड वीज जाणार. व्हिडिओ फोनवर उतरवून ठेवायचे आणि रात्री जेवणं आटोपली की बघायचे. इंग्रजी कानाला जड गेलं तर वेग कमी करायचा. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, “ह्या वयात शिकान काय करतलंस गो?” तिसऱ्या आठवड्यात मात्र माझा चहा त्याच करून देत होत्या.

पहिले दोन आठवडे पाया: स्पायडर नावाच्या प्रोग्रॅममध्ये काम कसं करायचं, चल (म्हणजे माहिती साठवायला दिलेली नावं), याद्या, आकडेमोडीचं साधन नमपाय. इथे मला कंटाळा आला, खोटं कशाला बोलू. पण तिसऱ्या आठवड्यात पांडाज, म्हणजे तक्ते हाताळायचं पायथनचं साधन, आलं आणि जुन्या टोयोटा गाड्यांची एक फाईल उघडली. १४३६ ओळी, १० स्तंभ: किंमत, वय, किलोमीटर, इंधन वगैरे. किलोमीटरच्या रकान्यात काही ठिकाणी आकड्याऐवजी “??”. हॉर्सपॉवरच्या रकान्यात “????”. दारांच्या रकान्यात कुठे ३, तर कुठे अक्षरात ‘थ्री’. संगणक त्या प्रश्नचिन्हांना मजकूर समजतो आणि अख्खा स्तंभच बेरजेला निकामी होतो. म्हणून फाईल वाचतानाच सांगायचं, की ही चिन्हं दिसली तर जागा रिकामी समज. मग ती जागा सरासरीने भरायची की मध्यकाने (आकडे चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा), ते स्तंभ बघून ठरवायचं. दोघांत फार अंतर असेल तर मध्यक, कारण खूप पळालेल्या मोजक्या गाड्या सरासरीला वर ओढतात.

ते बघताना मला आमचं रजिस्टर आठवलं. काजूची साल काढणाऱ्या बायकांचं रोजचं वजन त्यात लिहितो. कुणाच्या नावापुढे आडवी रेघ असली तर तिचे दोन अर्थ: बाई आली नाही, किंवा आली पण काट्यावर वजन करायचं राहिलं. वीस वर्षं महिनाअखेरीस मी त्या सगळ्या रेघा शून्य धरून सरासरी काढली. ज्या बाईचं वजन नोंदवायचं राहिलं, तिची सरासरी माझ्या हाताने खाली आली, आणि बक्षीस कुणाला द्यायचं हे त्याच सरासरीवर ठरायचं. तिचा त्यात काय दोष? त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे मी जुनी दोन वर्षं संगणकावर चढवली. गैरहजेरीची रेघ हजेरीपटाशी पडताळून वेगळी केली, दुसरी रिकामी ठेवली. सरासरीने किंवा मध्यकाने काहीच भरलं नाही. गाडीच्या किलोमीटरला ते चालतं, पण माणसाच्या मजुरीत अंदाज घुसवणं मला पटेना. कोर्समध्ये हे कुणी सांगत नाही. ते कामाच्या जागेवरच कळतं, आणि म्हणूनच मला वाटतं की मधल्या वयात आलेल्या माणसाकडे तरुणांकडे नसलेलं काही असतं. काजूची ३२० नंबरची प्रत म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर, हे मला पाठ आहे. अख्खा, पाकळी, तुकडा हे मी डोळे झाकून वेगळे करते. प्रतवारी म्हणजे वर्गीकरणच की. शेवटच्या आठवड्यात वर्गीकरणाचं एक उदाहरण आहे, कोणाचं उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर आणि कोणाचं खाली ते ओळखण्याचं. त्याला पोचले तेव्हा माझी भीती गेली होती.

मला ७१ गुण मिळाले. पण एवढ्यावर नोकरी मिळेल असं समजून या कोर्सला बसू नका. संख्याशास्त्र यात वरवर येतं आणि एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, तर नाहीच. मला त्यानंतर दीड वर्ष लागलं. आता आठवड्याचे तीन दिवस घरून एका फळ निर्यात करणाऱ्या कंपनीचा डेटा साफ करते. पगार कारखान्यापेक्षा थोडा कमीच आहे. उरलेले तीन दिवस अजून कारखान्यात जाते.

यंदाच्या हंगामाचं नवं रजिस्टर मीच आखलं. गैरहजर असेल तर ‘गै’, वजन राहिलं असेल तर ‘रा’. रेघ मारायची नाही, असं पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं आहे.