पेकिंग ऑपेराचा गाँगसंच: घेताना काय ऐकावं

चिनी तालवाद्यांची सुरुवात बहुतेक जण मोठ्या टांगत्या गाँगपासून करतात. आमच्या मते पहिले पैसे पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे चीनच्या पारंपरिक संगीत नाटकाच्या, छोट्या संचावर घालावेत. त्यात साधारण ३० सेंमी व्यासाचा दालुओ हा मोठा गाँग, २२ सेंमीच्या आसपासचा श्याओलुओ हा छोटा गाँग आणि नाओबो ही झांजांची जोडी येते. बानगू हा लहान, कडक आवाजाचा ढोल वेगळा घ्यावा लागतो. ऑपेरात सगळा ताफा याच ढोलवाल्याच्या हातांकडे बघून वाजतो, पण गाँग शिकायला तो पहिल्या दिवसापासून हवाच असं नाही.

या संचाची खरी गंमत स्वर सरकण्यात आहे. दालुओवर जोरात घाव घातला की स्वर खाली घसरतो, चांगल्या नगात जवळजवळ तीन अर्धस्वर, म्हणजे कोमल गंधारावरून षड्जापर्यंत. श्याओलुओचा स्वर उलट वर चढतो, षड्जावरून शुद्ध ऋषभाच्या आसपास. हे सगळं मधल्या भागाच्या घडणीमुळे होतं. दालुओचा मध्य सपाट असतो. मोठ्या आंदोलनात तो ताठरतो आणि आवाज विरत जाईल तसा सैलावतो. श्याओलुओचा मध्य किंचित फुगीर असल्यामुळे तिथे क्रम उलटा होतो. म्हणून दुकानात हळूच टिचकी मारून काही कळत नाही, कारण आंदोलन लहान असेल तर स्वर सरकतच नाही. पूर्ण जोराचा एक घाव घालू द्या, असं स्पष्ट सांगावं. ऑनलाइन घेत असाल तर त्याच नगाचं ध्वनिमुद्रण मागवा. एकाच मापाचे दोन गाँगही सारखे वाजत नाहीत.

धातू कांसंच हवं, तांबं सुमारे ८० टक्के आणि कथील २०. वारकऱ्यांच्या टाळाचं कांसंही याच घराण्यातलं. पितळी नक्कल स्वस्त पडते, पण तिचा आवाज बोथट येतो आणि स्वर जेमतेम हलतो. कांस्याचा दोष म्हणजे ठिसूळपणा. कडेवर फरशीला आपटला तर केसाएवढी भेग पडते आणि आवाजात खरखर येते. ती भेग झाळून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. उष्णतेने धातूचा कस बदलतो आणि उरलासुरला आवाजही जातो.

दालुओच्या काठाला दोरीसाठी भोकं असतात. श्याओलुओला पारंपरिक घडणीत नसतात. तो डाव्या तर्जनीच्या टोकावर आतल्या काठाने पेलायचा आणि उरलेल्या बोटांनी आवाज दाबायचा. नव्या वादकांची चूक नेमकी इथेच होते: अंगठ्याने काठ घट्ट धरला की आवाज जन्मतःच मरतो. अनेक वाद्यांच्या मांडणीत टांगायचा असेल तर भोकं पाडूनच विकला जाणारा नग घ्यावा. घरच्या ड्रिलने पाडलेलं भोक बऱ्याचदा भेगेची सुरुवात ठरतं.

काठ्यांच्या बाबतीत बरेच विक्रेते हात आखडतात. श्याओलुओला लाकडाची पातळ पट्टी लागते. तिची कड मधल्या फुगवट्यावर तिरकी पडली पाहिजे. ड्रमची काठी वापरली तर नुसता टणत्कार होतो. दालुओची काठी लाकडी, डोक्याला कापड गुंडाळलेली. मोठ्या गाँगचा लोकरी गदा-बीटर इथे चालत नाही, कारण घाव पसरतो आणि घसरण ऐकूच येत नाही. घाव मध्याच्या जवळ हवा. काठाकडे सरकलात की नुसता गोंगाट.

संचातली सगळ्यात कच्ची बाजू नाओबो. स्वस्त संचांत ती पातळ निघते. दोन्ही झांजा अगदी समोरासमोर आदळल्या तर आत हवा अडकून ‘फुस्स’ होतं, म्हणून कडा थोड्या मागेपुढे ठेवून वाजवाव्यात. बजेट अपुरं असेल तर नाओबो नंतर घ्या, दालुओवर काटकसर करू नका. दालुओ उंच, मध्यम आणि खालच्या स्वरात मिळतो. बाकीच्या वाद्यांत मिसळायचा असेल तर मध्यम बरा.

तबला-पखवाजवाल्यांना शिकण्याची रीत परकी वाटणार नाही. लुओगूजिंग या पद्धतीत प्रत्येक घावाला बोल आहे: दालुओला ‘त्सांग’, एकट्या श्याओलुओला ‘ताय’, ढोलावरच्या एका काठीला ‘दा’. आधी तोंडाने पाठ, मग हातात. रणांगणावरच्या धावपळीसाठी वाजणारा जिजिफंग हा वेगवान प्रकार सुरुवातीला निम्म्या लयीत बसवावा. त्यात दालुओ वेळेवर दाबला नाही, तर दोन घावांची घसरण एकमेकींत मिसळून चिखल होतो.

सरावाला कानात बोळे घालाच. बंद खोलीत दालुओ कर्कश लागतो. चिंच किंवा पावडर लावून घासू नका, आवाज त्याने सुधारत नाही. पावसाळ्यात कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक नग वेगळ्या जाड पिशवीत ठेवा. आणि दालुओची दोरी आल्या आल्या बदला. कारखान्याची दोरी बहुधा भोकाच्या कडेवर झिजते, आणि ती तुटली की गाँग थेट जमिनीवर.