पार्मिजानासाठी चिनी मातीचे खोल भांडे

सिसिली आणि कंपानिया हे इटलीतले दोन प्रांत ज्या पदार्थावर हक्क सांगतात, तो वांग्याचा पार्मिजाना भाजण्यासाठी हे खोल, आयताकृती भांडे उत्तम आहे. मीठ लावून पाणी काढलेले आणि मग तळलेले वांग्याचे काप, टोमॅटोचा सॉस, निथळलेले मोझरेला, बेसिल आणि किसलेले पार्मिजानो चीज यांचे चार थर त्यात ऐसपैस मावतात. १८० अंशांवर सुमारे ४० मिनिटे भाजल्यावरही बुडाचा सॉस करपत नाही, कडेचे चीज मात्र खरपूस, तांबूस होते (भांडणे होतात ती त्या कडेवरूनच). ओव्हनबाहेर ते बराच वेळ गरम राहत असल्याने थर सावकाश बसतात आणि तुकडा न मोडता निघतो. कान मात्र इतके आखूड आहेत की जाड हातमोज्यांनी ते नीट धरता येत नाहीत.