ब्लॅकस्टार आयडी:कोअर १० – लातुरात आठ महिने

आमच्या गल्लीत जवळपास प्रत्येक घरात नीटची तयारी करणारे एखादे मूल आहे. त्यामुळे गिटार मोठ्याने वाजवता येत नाही. खऱ्या व्हॉल्व्हच्या (निर्वात नळ्यांच्या) गिटार अ‍ॅम्पचा ओव्हरड्राइव्ह (स्वराला येणारा खरखरीतपणा) आवाज वाढवल्याशिवाय खुलत नाही, म्हणून निरनिराळ्या अ‍ॅम्पचे आवाज डिजिटल पद्धतीने उभे करणारा हा १० वॅटचा मॉडेलिंग अ‍ॅम्प घेतला आणि गेले आठ महिने त्यावर रोज तासभर वाजवत आहे.

निवडीचे मुख्य कारण होते त्याचा आयएसएफ हा आवाजाचा बाज बदलणारा नॉब, जो डावीकडे फिरवला की अमेरिकन वळण मिळते आणि उजवीकडे ब्रिटिश. अमेरिकन म्हणजे फेंडर कंपनीचे अ‍ॅम्प, असे मी धरून चाललो होतो. त्यामुळे ओव्हरड्राइव्हच्या व्हॉइसवर (तयार आवाजप्रकारावर) नॉब पूर्ण डावीकडे नेऊनही फेंडरचा तो मिड (मधल्या पट्टीतले स्वर) मागे सारलेला, टणत्कारी आवाज का येत नाही, हे दोन महिने कळले नाही. ‘अमेरिकन’ या एका शब्दाखाली दोन घराणी नांदतात, हे नंतर उमगले. कॅलिफोर्नियातील रँडल स्मिथ यांनी फेंडरच्याच प्रिन्स्टन या छोट्या अ‍ॅम्पमध्ये फेरफार करून सुरुवात केली आणि त्यातून पुढे मेसा बूगी ही अ‍ॅम्प कंपनी उभी राहिली. तिथे गेनचे (सिग्नल वाढवण्याचे) टप्पे एकापुढे एक जोडलेले असल्याने स्वर लांब टिकतो. या नॉबचे डावे टोक घट्ट खर्ज आणि आक्रमक मिड देते, म्हणजे ते दुसऱ्या घराण्याच्या जवळचे आहे.

ब्रिटिश बाजूची गोष्ट तर मुळात अमेरिकनच आहे. १९६२ च्या सुमारास लंडनमध्ये मार्शल कंपनीचा जेटीएम४५ हा अ‍ॅम्प तयार झाला तो फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पच्या सर्किटवरून. मात्र पहिल्या टप्प्यात १२एवाय७ या व्हॉल्व्हऐवजी जास्त गेनचा ईसीसी८३ आला आणि मागून उघड्या पेटीतील १० इंची जेन्सन स्पीकरच्या जागी बंद पेटीत १२ इंची सेलेस्टियन स्पीकर बसले. मराठी एकच, पण उदगीरला तिला कानडीचा हेल येतो आणि देगलूरला तेलुगूचा, तसेच हे झाले. (व्हॉक्स एसी३० या अ‍ॅम्पचे ईएल८४ व्हॉल्व्ह हे ब्रिटिश असूनही वेगळेच प्रकरण, त्याची चमक शोधण्याचा नाद मी सोडला.)

आता क्रंच (हलक्या ओव्हरड्राइव्हचा) व्हॉइस, नॉब पाऊण उजवीकडे, गेन निम्मा आणि गिटारचा व्हॉल्यूम सहावर, हीच माझी रोजची मांडणी आहे. या अ‍ॅम्पच्या दोन ३ इंची स्पीकरकडून बंद पेटीचा छातीवर येणारा धक्का मागणे गैर आहे. हेडफोनवर खर्ज अधिक भरीव वाटतो. सुरुवातीला सतत येणारी गुणगुण घराचे अर्थिंग नीट करून घेतल्यावर थांबली, आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प विनातक्रार चालतो.