खिडकी काढून दरवाजा करताय? दोन तुकड्यांचं तयार लिंटेल कसं आहे

खिडकी 4 फुटांची आणि दरवाजाही 4 फुटांचाच असेल, तर हे विकत घेऊ नका. आपल्याकडे दारं-खिडक्यांची लिंटेलं, म्हणजे वरची भिंत पेलणाऱ्या काँक्रीटच्या आडव्या पट्ट्या, बहुधा 7 फुटांवर एकाच पातळीत असतात. खिडकीखालची भिंत कटरने सरळ उतरवली की झालं. 6 फुटांचा दुहेरी दरवाजा बसवायचा असेल तर मात्र जुनं लिंटेल आखूड पडतं, आणि तिथे हा माल कामाचा आहे.

9 इंची भिंतीसाठी साडेचार इंच रुंद, 6 इंच उंच असे दोन नग शेजारी-शेजारी लागतात. प्रत्येकात खाली 10 मिमीच्या दोन सळया, वर 8 मिमीच्या दोन, आणि सळयांभोवतीच्या रिंगा 6 इंचांवर, एवढं तरी हवंच. लांबी किमान 7 फूट, म्हणजे दोन्ही बाजूंना 6-6 इंच टेकण मिळतं. एक नग 90 किलोच्या आसपास भरतो. अखंड घेतलं तर तेच 180, आणि घोडीवर उभं राहून ते पेलणं म्हणजे पाठीशी वैर.

पण खरी गंमत वजनात नाही. जुन्या लिंटेलच्या डोक्यावर, बाहेरच्या अंगाने, अर्ध्या जाडीपुरते विटांचे दोन थर काढायचे. जवळपास 7 इंच जागा होते. टेकणीवर 1:4 मालाची (1 भाग सिमेंट, 4 भाग वाळू) गादी, त्यावर नग, आणि वर उरलेल्या फटीत 1:3 चा जेमतेम ओलसर माल ठासून भरायचा. तो कडक झाला की आतल्या अंगाने हेच. जुनं लिंटेल फोडायचं ते त्यानंतर. भिंत पूर्ण अधांतरी कधीच राहत नाही. वरची फट नुसती थापीने लिंपली तर आत पोकळी राहते, भिंत तेवढी खाली बसते आणि कोपऱ्यातून तिरकी चीर जाते. खापर लिंटेलवर फुटतं, दोष ठासणीचा असतो.

छज्जा नाही, ही मोठी उणीव. कोकणातल्या पावसात दारावर पत्रा किंवा वेगळा छज्जा करावाच लागेल. शिवाय जुना छज्जा डोक्यावरच्या भिंतीच्या वजनावर तोललेला असतो. वरचे थर काढले की तो उलटू शकतो. म्हणून तो आधी फोडा, निदान खालून टेकू तरी द्या.

आता भाराचं. आरसीसी कॉलम-बीमच्या घरात स्लॅब बीमवर असतो, लिंटेलवर फक्त विटा; तिथे 6 इंची नग पुरतो. भिंतींवर उभ्या घरात 6 फुटांच्या उघड्या जागेवर भार दोन्ही बाजूंना वळवणारा विटांचा त्रिकोण तयार व्हायला वर 5 फुटांहून जास्त भिंत लागते. 10 फुटांच्या खोलीत ती अडीच फुटांहूनही कमी असते, म्हणून स्लॅबचा भारही लिंटेलवर येतो. अशा वेळी स्लॅबखाली जॅक लावा, आणि लिंटेलची उंची-सळई स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या. दुकानातला तयार नग नको. मायवानच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या) फ्लॅटमध्ये तर भिंतच काँक्रीटची, तिला हात लावू नका.

एक गोष्ट विक्रेत्यांनी सुधारायलाच हवी: 'वर' ही खूण खडूने करतात, ती यार्डातल्या पहिल्या पावसात जाते. नग उलटा बसला तर ताण घ्यायला 157 ऐवजी 100 चौरस मिमीच सळई खाली येते, आणि बाहेरून काही कळत नाही. ऑइलपेंटची खूण असलेलाच नग उतरवून घ्या.