बागेतले नवे बाक: उठायला सोपे, बोलायला अवघड

बागेतले जुने बाक काढून लोखंडी बाक बसवले आहेत. आधी त्यांचं चांगलं सांगते. बैठक साधारण ४५ सेंटीमीटर उंच, पाठ किंचित मागे कललेली, आणि दोन्ही टोकांना हात. गुडघे दुखत असले की बसण्यापेक्षा उठणं जड जातं. या हातांवर भार देऊन मी कुणालाही हाक न मारता उठते. माझ्या वयाच्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पण मध्येही दोन दांडे आहेत, कुणी आडवं होऊ नये म्हणून. ज्याला झोपायला जागा नाही, तो त्यामुळे फक्त दुसरीकडे जातो. इकडे आई एका कप्प्यात, मूल दुसऱ्या कप्प्यात. मैत्रिणीकडे वळून बसावं तर दांडा मांडीला रुततो. जुन्या बाकावर तासभर रंगणाऱ्या गप्पा आता लवकर आटोपतात, आणि लोकांना वाटतं की हल्ली कुणाला बोलायलाच नको असतं!

मांडणीही तशीच. सगळे बाक एका रांगेत, तोंडं रस्त्याकडे. चौघं आली की दोघं उभी राहतात. कॉलेजची मुलं बाक सोडून कठड्याच्या कोपऱ्यावर बसतात, कारण तिथे काटकोनात बसून एकमेकांचे चेहरे दिसतात. त्यांना ‘बाक असताना कठड्यावर कशाला?’ म्हणून हटकणं मला पटत नाही.

शहरांतल्या सार्वजनिक जागांचे अमेरिकन अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून माणसं कुठे आणि कशी बसतात ते पाहिलं. सुटी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती थोडी सरकवतो, अगदी दोन-चार इंच का होईना, हे त्यांनी टिपलं. जागा आपण निवडली, एवढं त्याला पुरतं. तिथलं ब्रायंट पार्क एकेकाळी गुन्हेगारीमुळे लोक टाळत. व्हाइट यांच्या सूचना विचारात घेऊन ते बदललं आणि १९९२ साली पुन्हा खुलं झालं. आत यायच्या वाटा मोकळ्या केल्या, सुट्या खुर्च्या ठेवल्या, आणि माणसांची वर्दळ वाढली तशी भीती ओसरली.

आमच्या बाकांना पाचपैकी अडीच. मधले दांडे नटबोल्टचे आहेत, पान्याने निघतील. ते काढा, दोन बाक समोरासमोर फिरवा. टोकांचे हात मात्र कृपया तसेच राहू द्या.