लॅम्बर्ट की होल्ट?

परभणीत रात्री चहाच्या टपरीवर इंग्लिश फुटबॉलचा विषय निघाला की आमचे दोन गट पडतात. रिकी लॅम्बर्ट आणि ग्रँट होल्ट हे दोन स्ट्रायकर 2005 मध्ये चौथ्या श्रेणीतल्या रॉचडेल क्लबकडून एकत्र खेळायचे. त्याआधी ब्लॅकपूल क्लबने सोडल्यावर लॅम्बर्ट बीटाच्या कारखान्यात बरण्यांची झाकणं लावत होता, तर होल्ट बॅरोकडून खेळत टायर बसवायचा.

पुढे लॅम्बर्ट साउदॅम्प्टनचा झाला, होल्ट नॉरिचचा. दोघांनी आपापल्या क्लबला तिसऱ्या श्रेणीतून सलग दोन बढत्या मिळवून दिल्या आणि प्रीमियर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीच्या, पहिल्याच मोसमात प्रत्येकी 15 गोल केले. इथवर बरोबरी.

कौशल्यात लॅम्बर्ट उजवा, वाद नाही. साउदॅम्प्टनकडून पेनल्टी 34, गोल 34! ऑगस्ट 2013 मध्ये लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर इंग्लंडकडून स्कॉटलंडविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि पहिल्याच स्पर्शात हेडरने गोल. 2014 च्या विश्वचषक संघातही गेला. होल्टच्या नशिबी इंग्लंडकडून खेळणं नव्हतंच. हे मला आजही खटकतं.

कारण माझं मत होल्टला. बचावपटूच्या अंगाला घासत, पंचांशी हुज्जत घालत, उसाच्या फडात रानडुक्कर घुसावं तसा तो खेळायचा. 2010 मध्ये कट्टर प्रतिस्पर्धी इप्सविचविरुद्ध त्याची हॅट्‌ट्रिक, 4-1 असा निकाल. निवृत्तीनंतर हा पठ्ठ्या कुस्तीच्या रिंगणात उतरला!

फ्री-किक मिळाली तर लॅम्बर्टला बोलवा. चिखलात, एक गोल मागे असताना मात्र मला होल्टच पाहिजे.