लिक्वि मॉली मोटर ऑइल सेव्हर: जुन्या मारुती ८०० चा निळा धूर थांबतो का?

थांबतो किंवा बराच कमी होतो, पण धूर कडक झालेल्या व्हॉल्व्ह सीलमुळे (व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल आत जाऊ न देणाऱ्या रबरी टोपीमुळे) येत असेल तरच. इंजिन ऑइलमध्ये ओतायच्या ३०० मिलीच्या या बाटलीचं मुख्य काम आहे: उष्णतेने आणि वयाने कडक झालेलं रबर पुन्हा मऊ करणं. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे बोअर (आतल्या भिंती) झिजले असतील तर ते धातूचं दुखणं आहे, तिथे कितीही बाटल्या ओता, उपयोग नाही. त्यामुळे आधी तपासणी, मग खरेदी.

सुरुवात गाडीच्या खालून करा. रात्री पुठ्ठा अंथरून ठेवा आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. टॅपेट कव्हरचं गॅस्केट, ऑइल प्रेशर स्विच, क्रँकचं पुढचं सील आणि कार्ब्युरेटरवाल्या मॉडेलात डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग या गळतीच्या नेहमीच्या जागा. मग एअर फिल्टरचा डबा उघडा. आत ऑइल साचलेलं दिसलं तर ब्रीदरचा पाइप किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ बाहेर जाण्याची वाट) चोंदलाय का ते पाहा. चोंदलेल्या वाटेमुळे क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, दाब वाढतो आणि ऑइल नको तिथे ढकललं जातं. कार्ब क्लीनरने ही वाट साफ होते आणि कधी कधी सगळी तक्रार तिथेच मिटते.

इतकं करूनही डिपस्टिकवरची पातळी उतरत असेल तर धुराची वेळ बघा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना निळा झोत येतो आणि मिनिटभरात जातो? आंबा घाट दुसऱ्या गिअरवर, अॅक्सिलरेटर सोडून उतरल्यावर पुन्हा पाय दाबताच मागे निळं होतं? मग संशय व्हॉल्व्ह सील आणि गाईडवर (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी). थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमधली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतली) ओढ सर्वांत जास्त असते आणि ती इनटेकच्या गाईडमधून ऑइल आत खेचते. याउलट चढावर, लोड असताना सतत धूर आणि ऑइलचं झाकण उघडल्यावर फकफक वाफ म्हणजे रिंगा. पांढरा धूर आणि घटणारं कूलंट हे हेड गॅस्केटचं प्रकरण, त्याचा इथे संबंध नाही.

खात्री कॉम्प्रेशन गेजने होते. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, इग्निशन आणि पेट्रोल बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज. प्रत्येक सिलिंडरवर गेज लावून स्टार्टरने पाच-सहा फेरे द्या. आकडे एकमेकांपासून १०-१५ टक्क्यांहून लांब असतील तर कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा उडी मारून वर गेला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. पण कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून रिंगा निर्दोष ठरत नाहीत, आणि इथेच बरेच मिस्त्री फसतात. कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंगा धरतात. तिसरी, म्हणजे ऑइल रिंग, कार्बनने जाम झाली तरी गेज छान आकडा दाखवतं आणि ऑइल जळत राहतं. म्हणून धुराची वेळ आणि गेज दोन्ही जुळले पाहिजेत. बाहेर काढलेले प्लगही बघून ठेवा. काळा, ओला प्लग कोणत्या सिलिंडरचा ते कळलं की अर्धं काम झालं.

निदान सीलचंच निघालं तर ही बाटली घ्या. ३०० मिलीचं प्रमाण सहा लिटरपर्यंतच्या ऑइलसाठी आहे, आणि ८०० च्या इंजिनात जेमतेम तीन लिटर मावतं. म्हणजे अर्धी बाटली, १५० मिली, मापून. पातळी आधीच वरच्या खुणेला असेल तर तेवढं ऑइल काढून मग ओता. जास्त भरलेलं ऑइल क्रँकवर फेसाळतं आणि ब्रीदरमधून पुन्हा जळायलाच जातं. नव्या ऑइलबरोबर टाकणं सर्वांत बरं, नाहीतर पुढच्या ऑइल चेंजला औषधही वाहून जातं. परिणामासाठी कंपनी ६०० ते ८०० किमी सांगते, तेवढी कळ काढा. सुरुवातीला आणि नंतर, सपाट जागी, थंड इंजिनावर पातळी मोजून किती ऑइल वर घालावं लागलं ते लिहून ठेवा. धूर डोळ्यांना फसवतो, डिपस्टिक फसवत नाही.

सील नुसतं कडक झालं असेल तर सकाळचा झोत बराच कमी होतो, म्हणून या कामासाठी माझी शिफारस आहे. चिरलेलं सील, गाईडवरून निसटलेलं सील किंवा झिजलेलं गाईड मात्र बाटलीने सुधारत नाही. ८०० च्या बहुतेक मॉडेलांत सहाच व्हॉल्व्ह, म्हणजे सहाच सील. संच स्वस्त, खर्च मजुरीचा. हेड न उतरवताही हे काम होतं: प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडायची, क्रँक हाताने फिरवून पिस्टनने ती वर दाबायची म्हणजे व्हॉल्व्ह खाली पडत नाही, मग रॉकर शाफ्ट आणि स्प्रिंग काढायची. नव्या सीलच्या ओठाला ऑइल लावून ते योग्य मापाच्या सॉकेटने सरळ दाबून बसवा. हातोडी मारली की ओठ फाटलाच समजा. स्प्रिंग चढवल्यावर दोन्ही कॉटर (स्प्रिंग व्हॉल्व्हवर अडकवून ठेवणारे छोटे तुकडे) खाचेत नीट बसलेत का ते प्लास्टिकच्या मॅलेटने हलके ठोकून तपासा.

एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शनच्या) मॉडेलवाल्यांनी या कामात टंगळमंगळ करू नये. जळालेल्या ऑइलमधलं फॉस्फरस एक्झॉस्टमधल्या धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर साचतं, आणि तो बदलणं सील बदलण्याच्या कितीतरी पट महाग पडतं. उरलेली अर्धी बाटली मोटारसायकलमध्ये टाकू नका. तिचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि ओल्या क्लचसाठी हे औषध नाही.